कणीक, जवारी आणि कानातली जाळी

संगमनेर, अकोले मागे टाकून भंडारदऱ्याच्या वाटेला लागलं की डोंगर जवळ येऊ लागतात आणि राजूर लागतं. इथून पश्चिमेला रतनवाडी आणि घाटघर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला सगळ्यात जोरकस पाऊस. राजूरचं नाव बाहेर निघतं ते बहुधा डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी. डांगी गोवंश या पावसाळी मुलखातच घडला. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे दिवसचे दिवस पावसात भिजूनही तो उभा राहतो. पखवाजावर चढवलेल्या बकऱ्याच्या कातड्याला मात्र हे साधत नाही. हवेतली ओल ते पिऊन घेतं, सैलावतं आणि स्वर उतरतो. या पट्ट्यात आषाढ-श्रावणात भजनाला बसणाऱ्या प्रत्येक मृदंग्याची लढाई आधी पावसाशी असते.

ती कशी लढली जाते हे हरिनाम सप्ताहात जवळून पाहता येतं. कीर्तन सुरू होण्याआधी मृदंगी उजवी पुडी, म्हणजे त्या तोंडावरचं कातडं, पेटीच्या षड्जाशी लावून घेतो. पुडी चामड्याच्या वाद्यांनी ताणलेली असते आणि या वाद्यांखाली लाकडी गठ्ठे बसवलेले असतात. हातोडीने गठ्ठा खाली सरकवला की ताण वाढतो, स्वर चढतो. बारीक फरक असेल तर गजऱ्यावर वरून किंवा खालून हलका ठोका. मग डावी बाजू. मऊसर मळलेली कणीक पाण्याचा हात लावून पुडीच्या मध्यावर थापायची, अंगठ्याने कड दाबायची, एक थाप मारून ऐकायचं. स्वर अजून वर असेल तर चिमूटभर वाढवायची, फार खाली गेला तर तेवढीच काढून घ्यायची. कातड्याच्या मध्यावर वजन वाढलं की ते सावकाश कंप पावतं, म्हणून स्वर खाली जातो आणि थापेला खर्जाचा घुमारा येतो. तासाभरात कणीक सुकायला लागते, मग पुन्हा पाण्याचं बोट. कीर्तन संपलं की ती खरवडून काढतात. ही जुळवणी एका रात्रीपुरती असते आणि दुसऱ्या दिवशी नव्याने करायची असते.

अशाच एका संध्याकाळी, राजूरजवळच्या एका देवळात, टाळकऱ्यांमध्ये महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा होता. टाळ बाजूला ठेवून त्याने खिशातून इअरफोनची डबी काढली. आत कानात खोचायचे दोन तुकडे आणि सोबत पितळी नळ्यांच्या तीन जोड्या. प्रत्येक नळीच्या तोंडावर वेगळी जाळी. इअरफोनच्या तोंडाशी ही नळी आट्यांवर फिरवून बसवायची आणि आवाज बदलायचा. एक जोडी खर्ज भरीव करणारी, एक मधली, एक वरचे स्वर उजळवणारी.

"बाबा, हेपण तुमच्या कणकेसारखंच," तो मृदंग्याला म्हणाला. "पण लोक म्हणतात, आधी शंभर तास नुसतं वाजवत ठेवायचं, मग खरा आवाज उघडतो. खरं असेल का?"

"नवी पुडी वाजवून वाजवून बसते, हे खरं," मृदंगी कणकेचा हात पुसत म्हणाले. "तुझ्या यंत्राचं तू बघ, बाळा. पण वाजवत ठेवायचं आणि ऐकायचं कुणी नाही, असं कसं?"

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. जाळी बदलल्याने आवाज खरोखर बदलतो का? आणि नुसता वेळ गेल्याने बदलतो का? दोन्हींची उत्तरं देता येतात. ती शोधताना राजूरहून मिरजेला आणि मिरजेहून प्रयोगशाळेत जावं लागतं.

रामन यांनी ऐकलेला मृदंग

पातळ कातड्याच्या साध्या ढोलाला नेमका स्वर नसतो. गोल पडदा एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरतो आणि त्या तऱ्हांची कंपनं एकमेकांशी सरळ प्रमाणात नसतात. मूळ कंपन १ धरलं तर पुढची १.५९, २.१४, २.३० अशी येतात. कानाला ती एका स्वरात मिसळलेली वाटत नाहीत, आवाज नुसता धडधडतो. तबला आणि पखवाज मात्र गातात, त्यांचा षड्ज गळ्याशी जुळतो. हे कसं, याचा छडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावला. शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये टिपण प्रसिद्ध केलं आणि १९३४ साली इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात सविस्तर निबंध लिहिला. मध्यावर चढवलेल्या शाईच्या थरांमुळे पडद्याचं वजन असं वाटलं जातं की त्याच्या पहिल्या नऊ कंपनतऱ्हा पाच सुरेल पटींत येऊन बसतात: मूळ स्वर, त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट.

लोहचूर्ण आणि खळीचे थर देत, दगडाने घोटत शाई भरणाऱ्या कारागिरांनी हे गणित मांडलेलं नव्हतं. थर दिला, वाजवलं, ऐकलं, पुन्हा थर दिला, असं पिढ्यान्‌पिढ्या करत ते तिथे पोचले. डाव्या पुडीवरची कणीक हे त्याच कामाचं रोज बदलता येणारं रूप. पदार्थ बदलला, त्याची जागा बदलली, वजन बदललं आणि आवाज बदलला. त्यात वाट पाहण्यासारखं काही नाही. चिमूट लावली की पुढच्या थापेला फरक कळतो.

दोऱ्याची किमया

मिरजेत ही गोष्ट आणखी बारकाईने दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. शस्त्रं घडवणारं शिकलगारांचं हे घराणं तारांकडे वळलं. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, तुनाचं लाकूड आणि कारागिराचा कान यांवर मिरजेचा तानपुरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी मंद उतार असतो. तार छेडली की ती या उताराला घासत, टेकत, सुटत थरथरते. ही जवारी. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याकडे लक्ष वेधलं. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय वाद्यांवरून बांधलेला नियम होता. तानपुऱ्यात तो उपस्वरही ठसठशीत ऐकू येतो, कारण घोडी त्याला सतत नव्याने जागवत राहते.

आता तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवायचा. केसभर पुढे किंवा मागे. एका जागी तार मुकी असते, एका जागी ती फुलून येते आणि वरच्या स्वरांचा झरा सुरू होतो. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद, आणि गायक आपल्या गळ्याप्रमाणे ती मागून घेतो. पुरुष गायकाची काळी एक धरली तर षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा. त्याची दहावी पट १,३९० आणि विसावी पट २,७८० च्या जवळ. जवारी खुलते तेव्हा या उंच पटी उजळतात. हा २,७८० चा आकडा लक्षात ठेवावा, कारण इअरफोनच्या जाळीचं मुख्य कामही याच मुलखात चालतं.

कानाची नळी

बाह्यकर्णापासून कानाच्या पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. एक तोंड उघडं, दुसरं पडद्याने बंद. पेनच्या टोपणावर फुंकर मारली की शिट्टी वाजते, तशी या नळीलाही स्वतःची एक शिट्टी आहे, सुमारे २,७०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास. उघड्या कानाने आपण जे ऐकतो त्यातला हा पट्टा निसर्गतःच वाढून पडद्यावर पोचतो. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, तान्ह्या मुलाचं रडणं, जवारीची झळाळी, या सगळ्याला त्या वाढीचा फायदा मिळतो.

कानात इअरफोन खोचला की उघडं तोंड बंद होतं. जन्मभर सोबत असलेली ती शिट्टी नाहीशी होते आणि दोन्ही बाजूंनी बंद नळीची नवी शिट्टी सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास उभी राहते. ती नेमकी कुठे येईल हे इअरफोन किती खोल गेला यावर ठरतं. म्हणून चांगला इन-इअर, म्हणजे कानात खोचायचा इअरफोन, घडवणाऱ्याला दोन कामं करावी लागतात: हरवलेली तीन हजारांची वाढ यंत्रातून परत द्यायची आणि नव्याने आलेलं टोक बोथट करायचं. हे जमलं नाही तर गायक घोंगडीआडून गातोय असं वाटतं, नाहीतर टाळ कानात टोचतात.

हे काम करणारा भाग म्हणजे नळी आणि तिच्या तोंडावरची जाळी. नळी अरुंद किंवा लांब केली की तिच्यातली हवा हलायला जड जाते आणि उंच स्वर दबतात. जाळी दाट केली की हवेच्या येण्याजाण्याला घर्षण होतं आणि टोकं सपाट होतात. इअरफोनच्या मागच्या बाजूचं भोक लहानमोठं केलं की खर्ज बदलतो. खर्जाचा म्हणून विकला जाणारा फिल्टर, म्हणजे जाळी बसवलेली नळी, बऱ्याचदा खर्ज वाढवत नाही. तो वरचं आणि मधलं दाबतो, आवाजाची मात्रा आपण वर नेतो आणि खर्ज पुढे आल्यासारखा वाटतो.

ही विद्या संगीताच्या बाजारात जन्मली नाही. ती श्रवणयंत्रांतून आली. श्रवणयंत्राच्या नळीत बसवायच्या चिमुकल्या जाळ्यांना 'नोल्स' या अमेरिकी कंपनीने रंग ठरवून दिले: पांढरी ६८० अकूस्टिक ओहमची, तपकिरी १,०००, हिरवी १,५००, तांबडी २,२००. आकडा जितका मोठा तितकी हवेला अडवणूक जास्त. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला शब्द स्पष्ट कळावेत म्हणून श्रवणतज्ज्ञ या जाळ्या बदलून पाहत. याच क्षेत्रातले मीड किलियन यांनी १९८३ साली 'एटिमोटिक रिसर्च' काढली आणि १९९१ साली 'ईआर-४' हा इन-इअर बाजारात आणला. त्याची जाळी मळ साचला की बदलता येत होती. पुढे आवडीप्रमाणे बदलायच्या जाळ्या आल्या. ऑस्ट्रियातल्या 'एकेजी'च्या २०११ सालच्या 'के३००३' सोबत तीन जोड्या मिळत. स्कॉटलंडमधल्या 'आरएचए'ने २०१४ साली 'टी१०आय' आणला, त्यालाही आट्यांचे तीन फिल्टर होते. आता स्वस्तातल्या इअरफोनसोबतही ते मिळतात आणि राजूरसारख्या गावातल्या मुलाच्या खिशात पोचतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ठामपणे देता येतं: जाळी बदलल्याने आवाज बदलतो. तो मोजता येतो, काही डेसिबलचा असतो आणि तीन हजारांच्या आसपास तो सहज ऐकू येतो. कणीक आणि दोरा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही जाळी.

शंभर तासांचा प्रश्न

इअरफोन नवा असताना आवाज कोता असतो, काही दिवस सतत वाजवत ठेवला की उघडतो, या समजुतीला बर्न-इन म्हणतात. काहीजण त्यासाठी रात्रभर खरखराट वाजवून इअरफोन खणात ठेवतात.

या समजुतीला थोडासा पाया आहे. मोठ्या स्पीकरचा कागदी शंकू ज्या लवचीक कडेवर तोललेला असतो ती कड सुरुवातीच्या वापरात थोडी मऊ पडते आणि शंकूचं स्वाभाविक कंपन जरा खाली येतं. हे मोजता येतं. नव्या पुडीचंही असंच होतं: कातडं ताणाला सरावतं, स्वर उतरतो, गठ्ठे पुन्हा ठोकावे लागतात आणि काही बैठकांनंतर पुडी एका जागी राहते. तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून घासून खाच पडते, जवारी उतरते, ती पुन्हा काढावी लागते. पदार्थ झिजतो आणि सैलावतो, यात शंका नाही.

इन-इअरमधला पडदा मात्र जेमतेम सहा ते दहा मिलिमीटरचा असतो आणि बंद कानाच्या एवढ्याशा हवेत त्याला हलायला अत्यंत थोडी जागा लागते. त्याची कड सैलावायला फारसा वावच मिळत नाही. बॅलन्स्ड आर्मेचर जातीच्या यंत्रात तर धातूची इवलीशी पट्टी चुंबकांच्या मध्ये थरथरते. तिथे स्पीकरसारखी मऊ कडच नसते. मोजणी केली की नव्या आणि वापरलेल्या इअरफोनमध्ये दिसणारा फरक बारीक असतो आणि तोच इअरफोन काढून पुन्हा खोचला तर त्याहून मोठा फरक पडतो. कानात बसणारी मऊ टिप नीट बसली नाही, कडेने हवा निसटली, तर खर्जाचा मोठा भाग गळून जातो. दोन मिलिमीटर आत गेला तर सात-आठ हजारांवरचं टोक सरकतं.

मग इतक्या लोकांना आवाज उघडल्याचा अनुभव येतो तो खोटा का? तो अनुभव खरा आहे. बदल घडतो, पण तो ऐकणाऱ्यात घडतो. १९९८ साली नेदरलँड्समध्ये हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑप्स्टल यांनी माणसांच्या बाह्यकर्णात साचे बसवून कानाचा आकार बदलला. सुरुवातीला त्यांना आवाज वरून येतो की खालून हे ओळखता येईना. साचे घालून रोजचं जगणं चालू ठेवल्यावर काही आठवड्यांत ते नव्या कानांनी पुन्हा अचूक ओळखू लागले. साचे काढल्यावर जुने कानही त्यांना लगेच वापरता आले. मेंदूने एक शिकण्यासाठी दुसरं पुसलं नव्हतं. श्रवणयंत्र नव्याने लावणाऱ्यांनाही तज्ज्ञ हाच सल्ला देतात: काही आठवडे रोज वापरा, आवाज सरावाचा होईल.

राजूरच्या मृदंग्याने विचारलेला प्रश्न इथे नेमका बसतो. इअरफोन खणात वाजत राहिला आणि ऐकायला कुणी नसलं, तर त्या शंभर तासांत जे शिकायला हवं होतं ते कान शिकलेच नाहीत. शिवाय शंभर तास थांबायचं म्हणजे वस्तू परत करण्याची मुदत निघून जाते आणि ज्याचा आवाज पहिल्या दिवशीच सदोष होता ते यंत्र गळ्यात पडतं. म्हणून नवा इअरफोन पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट तपासावा आणि खटकला तर परत करावा, वाट पाहू नये.

जुळवणी कशी करावी

जाळ्या बदलण्याआधी टिपांची मापं बदलून पाहावीत. खर्ज भरून येईल आणि बाहेरचा आवाज मंदावेल ते माप आपलं. दोन्ही कानांचं माप सारखंच असेल असं नाही. हे जमलं नाही तर पुढची सगळी तुलना फुकट जाते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या मात्रेची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असेल तर कानाला खर्ज आणि अतिउंच स्वर कमी ऐकू येतात, मोठा केला की दोन्ही फुलतात. म्हणून जी जाळी किंचित जास्त आवाज सोडते ती चांगली वाटते, मग तिची जात कोणतीही असो. दर वेळी जाळी बदलली की मात्रा पुन्हा सारखी करून घ्यावी, आणि जमल्यास जाळी मित्राला बदलायला सांगून कोणती लावली ते आपल्याला कळू देऊ नये. तीन फेऱ्यांत एकच जाळी निवडली गेली तर ती निवड विश्वासाची.

ऐकायला काय घ्यावं? नुसता तानपुरा. जवारीचे उंच स्वर एकमेकांपासून सुटे, पण बोचरे न होता ऐकू येत असतील तर तीन हजारांचा पट्टा ठीक आहे. मग पखवाज: डाव्या थापेचा घुमारा किती वेळ टिकतो आणि उजवीचा 'ता' त्याच्याखाली गुदमरतो का. मग माणसाचा गळा, टाळ आणि पेटी एकत्र, म्हणजे साधं भजन. ही वाद्यं जवळ बसून ऐकली असतील तर तुलना करायला आपल्याकडे पक्का आधार असतो. राजूरच्या त्या मुलाला तो शेजारी बसूनच मिळत होता.

ओल इथेही शत्रू आहे. पावसाळ्यात आणि घामाने जाळीवर पाण्याचा थेंब धरतो, कानातला मळ साचतो, वरचे स्वर मावळतात, एक कान दबल्यासारखा वाटतो. अनेकांना हा इअरफोनचा बिघाड वाटतो, पण जाळी बंद झालेली असते. वापरानंतर पुसून, सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या डबीत ठेवलं आणि जाळी वेळेवर साफ केली किंवा बदलली तर बहुतेक वेळा आवाज परत येतो. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी शेकून ओल घालवतो, इथे आगीची गरज नाही, पण कोरडेपणाची आहे.

कान जपणं

कितीही चांगली जाळी बसवली तरी ती ज्या अवयवासाठी आहे तो एकदा खराब झाला की दुरुस्त होत नाही. कानाच्या आतल्या केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी घालून दिलेली मर्यादा अशी: ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलने फक्त ४ तास. एसटीच्या इंजिनाचा आणि खडबडीत रस्त्याचा आवाज झाकायला आपण मात्रा वाढवत नेतो आणि या मर्यादा नकळत ओलांडतो. इथे नीट बसलेली टिप पुन्हा कामी येते. बाहेरचा आवाज अडला की आतला कमी ठेवता येतो. चांगल्या जुळवणीचा सगळ्यात मोठा लाभ हाच मानावा.

आज आपल्या गावांत एक विलक्षण गोष्ट घडते आहे. ज्या पोरांच्या हातात बदलत्या जाळ्यांचे इअरफोन आले आहेत, त्यांच्याच शेजारी कणीक लावून खर्ज मिळवणारी, दोऱ्याने जवारी खुलवणारी माणसं अजून काम करत आहेत. एकाकडे मोजणीची भाषा आहे, दुसऱ्याकडे घडवलेला कान. हे दोघं एकाच सतरंजीवर बसतात तेव्हा त्यांनी एकमेकांकडून शिकायला हवं. भजनी मंडळाने नव्या टाळकऱ्याला कणीक लावायला द्यावी, गठ्ठा ठोकायला द्यावा, स्वर लागला की नाही हे त्याला सांगायला लावावं. महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाने पखवाज वर्गात आणून त्याच्या कंपनांचा आलेख काढावा, फोनवरच्या साध्या अॅपनेही तो निघतो. रामन यांनी प्रश्न विचारला तो याच कुळातल्या वाद्यांना.

ज्याला शंभर तास द्यायचे असतील त्याने ते खणातल्या यंत्राला देऊ नयेत. ते आपल्या कानाला द्यावेत, ऐकत, तुलना करत, वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून. जाळी कोणती बसवायची हे मग त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.